शोध घेणाऱ्याचा शोध

गृहनिर्माण संस्थेच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसणाऱ्या पहारेकऱ्यासाठी या देशात कायदा आहे. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार तो अठरा वर्षांहून लहान वा पासष्टीच्या पलीकडचा असून चालत नाही. त्याच्या चारित्र्याची आणि पूर्वेतिहासाची पडताळणी करावी लागते. केंद्राने २००६ साली घालून दिलेल्या आदर्श नियमांप्रमाणे त्याला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण घ्यावे लागते. आयुष्याची उमेद सीमेवर घालवलेल्या माजी सैनिकालाही त्यातून पूर्ण सूट नाही, त्याच्यासाठीही ४० आणि १६ तास ठरलेले आहेत. आता याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील कुटुंबाची माहिती काढण्यासाठी कोणी एक इसम येतो. घरातल्या मुलीचे येणे-जाणे टिपतो, तिचे जुने फोटो गोळा करतो, वडिलांची कर्जे मोजतो, शेजाऱ्यांकडे गोड बोलून प्रश्न विचारतो आणि हे सारे एका अहवालात बांधून तिऱ्हाइताला विकतो. त्या इसमासाठी मात्र कायद्याने एका तासाचेही प्रशिक्षण सांगितलेले नाही. त्याचे वय, शिक्षण, पूर्वचरित्र विचारणारा कोणीही अधिकारी या देशात नाही. खाली बसलेला पहारेकरी त्याला वहीत नाव लिहायला लावतो, एवढीच काय ती त्याची नोंद.

खासगी गुप्तहेर हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझार आणि काळा पहाड यांनी दोन पिढ्यांच्या सुट्ट्या रंगवल्या. पुढे दूरदर्शनवर गाजर खाणारा करमचंद आला. त्या काळी हा प्राणी कथेतच शोभत असे. प्रत्यक्षात मुंबई, पुण्यात अशी कार्यालये बोटांवर मोजण्याइतकी असत आणि त्यांचे काम प्रामुख्याने विमा कंपन्या, बँका व कारखानदार यांच्यासाठी चाले. आंतरजालाने हे चित्र पालटले. आज या व्यवसायाला कार्यालय लागत नाही, पाटी लागत नाही. एक संकेतस्थळ, एक भ्रमणध्वनी क्रमांक आणि ‘संपूर्ण गोपनीयतेची हमी’ हे तीन शब्द पुरतात. घरबसल्या स्वतंत्र अन्वेषक व्हा, अर्ज भरा, शुल्क पाठवा, काही दिवसांत प्रमाणपत्र मिळवा, अशी आमिषे पदवीधर पण बेकार तरुणांपुढे टाकली जातात. त्या प्रमाणपत्राची किंमत किती, याचे उत्तर सोपे आहे. ज्या व्यवसायाला परवानाच अस्तित्वात नाही, त्याचा परवाना कोणीही देऊ शकत नाही. संकेतस्थळावर ‘शासनमान्य’ म्हणून जे झळकवले जाते ते बहुधा उद्यम नोंदणीचे वा दुकाने-आस्थापनांच्या नोंदीचे कागद असतात. उद्यम नोंदणी स्वयंघोषणेवर मिळते. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार थोडे कामगार असलेल्या लहान आस्थापनेने केवळ सूचना दिली की भागते. वडापावच्या गाडीला जो कागद मिळतो, तोच या ‘शासनमान्य’ गुप्तहेराच्या भिंतीवर लटकलेला असतो. फरक एवढाच, की वडापावच्या धंद्याला अन्न सुरक्षेची नोंदणी निराळी करावी लागते.

या मंडळींचे दार ठोठावते कोण? उत्तर अवघडल्यासारखे वाटेल, पण ते सांगितले पाहिजे. त्यांचे दार ठोठावणाऱ्यांत मोठा वाटा मध्यमवर्गीय आई-वडिलांचा आहे. पूर्वी स्थळ सांगून आले की चौकशीची एक रीत होती. मुलाच्या गावातला कोणी नातलग, मामाच्या कचेरीतला सहकारी, वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंपैकी एखादी वडीलधारी बाई, कीर्तनाला येणारे गृहस्थ, शाखेतले जुने कार्यकर्ते अशा चार ठिकाणी शब्द टाकला जाई. चार उत्तरे येत. त्यांतली दोन जुळली की पत्रिका पाहायची, नाही तर ‘योग नाही’ असे कळवून मोकळे व्हायचे. या रीतीत दोष होते. कुत्सितपणा होता, जुनी वैरे निघत, मुलीच्या रंगापासून आजोबांच्या व्यसनापर्यंत नको ते बोलले जाई. तरीही तिच्यात एक मोठा गुण होता. माहिती देणारा माणूस ओळखीचा असे आणि दिलेल्या शब्दाला तो बांधलेला असे. खोटे सांगितले तर पुढच्या लग्नकार्यात त्याला तोंड दाखवावे लागे. पुणे-बंगळूरच्या संगणक कंपन्यांत, दुबई वा न्यू जर्सीत वाढलेल्या स्थळांच्या बाबतीत ही साखळी तुटली आहे. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावर मुलगा स्वतःविषयी जे लिहितो तेच त्याचे गोत्र आणि तेच त्याचे गाव. शेजारी कोण राहतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याविषयी शेजारी काय सांगणार?

म्हणून या गरजेची थट्टा करून चालणार नाही. परदेशस्थ वराने लग्न करून मुलीला वाऱ्यावर सोडल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ साली त्यासाठी स्वतंत्र कक्ष उघडावा लागला. आधीचे लग्न लपवणे, पगार फुगवून सांगणे, आजार दडवणे हे प्रकार नित्याचे आहेत. भारतीय न्याय संहितेने तर ६९ व्या कलमात, ओळख दडपून विवाह करून ठेवलेल्या संबंधाला फसवणूक मानून दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली आहे. ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. परंतु कायदा येतो तो फसवणूक झाल्यानंतर. बाप फसवणूक होण्यापूर्वी काही तरी करू पाहतो आणि त्याने ते करू नये असे कोणता शहाणा माणूस सांगेल? आयुष्याची पुंजी घालून घर घेताना जो वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल मागतो, त्याने मुलगी देताना काहीच विचारू नये, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. चौकशी करणे मुळीच गैर नाही. ती कोण करतो आणि कशी करतो, सारा प्रश्न तिथे आहे.

जाणता अन्वेषक ही चौकशी कशी करील ते पाहण्यासारखे आहे, कारण कायद्याची एकही रेघ न ओलांडता किती माहिती मिळू शकते याची सामान्य कुटुंबांना कल्पना नसते. शेतजमीन आहे असे सांगितले गेले असेल तर महाभूलेखवर सातबारा पाहता येतो आणि इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा वा सोसायटीचा बोजा आहे की नाही ते दिसते. सदनिका स्वतःची आहे की भाड्याची, हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमधून बहुधा उलगडते. ‘स्वतःची कंपनी’ असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींत तिचे नाव, संचालक आणि ती चालू आहे की बंद पडली आहे, हे सापडते. बांधकाम व्यावसायिक असेल तर महारेराच्या नोंदी आहेत. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने दावे शोधता येतात. हे सारे सरकारने जनतेसाठी खुले केलेले दस्तऐवज आहेत आणि घरातला पदवीधर मुलगाही एका रविवारी ते पाहू शकतो. मग अन्वेषकाचे कसब कशात? ते येथून पुढे सुरू होते. ई-कोर्ट्सवर एखाद्या तालुक्यात पाटील, जाधव, शिंदे अशा आडनावाचा आणि चारचौघांसारख्या नावाचा माणूस शोधला तर एकाच नावाचे पाच-सहा इसम निघतात. कोणावर धनादेश न वटल्याचा खटला, कोणावर मारामारीचा, कोणाचा घटस्फोटाचा दावा. यांतला आपला कोणता? वडिलांचे नाव, गाव, वय, पत्ता, वकिलाचे नाव हे एकेक ताडून पाहिल्यावाचून ‘मुलावर फौजदारी खटला आहे’ असे वाक्य अहवालात लिहिणे म्हणजे एका निरपराध घराचे लग्न मोडणे. ते मोडल्याचे कारणही त्या घराला कधी कळत नाही. गोपनीयतेची हमी असते ना! जो अन्वेषक ‘हे सिद्ध होत नाही’ असे लिहून द्यायला कचरतो, तो अन्वेषक नव्हे. पण गिऱ्हाइकाने पैसे मोजलेले असतात, त्याला काही तरी सनसनाटी हवे असते, आणि कोरा अहवाल देणाऱ्याला दुसरे काम मिळत नाही. या धंद्याच्या मुळाशी असलेला मोह तो हाच.

मोहाची पुढची पायरी गुन्ह्याची आहे. २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांनी भ्रमणध्वनीवरील संभाषणांच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्या जात असल्याचे प्रकरण उघडकीस आणले आणि त्या आरोपाखाली काही खासगी गुप्तहेरांना अटक झाली. कोणी कोणाशी केव्हा आणि किती वेळ बोलले, याची नोंद कायद्याने फक्त तपास यंत्रणेला मागता येते. ती बाजारात येते याचा अर्थच असा, की ती ज्याच्या हाती विश्वासाने सोपवली होती त्याने ती विकली. हीच गोष्ट परक्याच्या ई-मेल खात्यात शिरण्याची, बनावट नावाने मैत्रीची विनंती पाठवून मुलीची छायाचित्रे मिळवण्याची, पत्नीच्या फोनमध्ये तिच्या नकळत टेहळणीची सोय करून देण्याची. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६ व्या कलमाखाली आणि त्याच्या उपकलमांखाली यांतील बहुतेक कृत्ये तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र आहेत. न्याय संहितेच्या ७८ व्या कलमानुसार एखाद्या स्त्रीच्या आंतरजालावरील वा ई-मेलवरील वावरावर पुरुषाने पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. त्यात गुन्ह्याच्या प्रतिबंधासाठी वा तपासासाठी म्हणून दिलेला अपवाद आहे तो शासनाने जबाबदारी सोपवलेल्या माणसासाठी. संकेतस्थळ थाटून बसलेल्या गुप्तहेरावर शासनाने काहीही सोपवलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. घरबसल्या अन्वेषक होऊ पाहणाऱ्या तरुणाला या कलमांची यादी त्या चार दिवसांच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते का, हे त्याने शुल्क पाठवण्यापूर्वी विचारावे. पकडला जातो तो तोच. काम सांगणारे गिऱ्हाईक ‘मला काय ठाऊक’ म्हणून बाजूला होते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा दूरध्वनी लागत नाही.

न्यायालयांच्या अलीकडील निर्णयांनी या धंद्याला आणखी बरकत येणार, अशी चिन्हे आहेत. पती-पत्नीपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून पुढे आणता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. नात्यात एकमेकांवर टेहळणी करण्याची वेळ आली, तर ते नाते आधीच तुटलेले आहे, असा त्या निर्णयामागचा विचार आहे. कायद्याच्या दृष्टीने तो बिनतोड असेलही. मात्र टेहळणीचे दुकान मांडून बसलेल्याला त्यातून जाहिरातीचे वाक्य मिळाले. गंमत अशी, की हे दुकानदार जो पुरावा विकतात त्यातला बराचसा न्यायालयात उभाच राहत नाही. मूळ उपकरण न्यायालयासमोर नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित प्रमाणपत्र हवेच, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अधोरेखित केला, तोही आपल्याच जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या दाव्यात. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने ही अट अधिक काटेकोर केली आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे आणि त्या फाइलचा हॅश म्हणजे तिचा अंकरूप ठसा नोंदवायचा आहे, जेणेकरून मागाहून एक अक्षर बदलले तरी उघड व्हावे. पडद्याचे छायाचित्र काढून छापलेल्या कागदाला तेथे फारशी किंमत नाही. हजारो रुपये मोजून घेतलेला अहवाल वकिलाने बाजूला सरकवल्यावर कुटुंबाच्या हाती उरतो तो फक्त कडवटपणा.

हा झाला पैशासाठी चालणारा शोध. विनामूल्य चालणाऱ्या शोधाचे काय? केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२१ च्या सुमारास एक योजना पुढे आणली. नागरिकांनी सायबर स्वयंसेवक म्हणून ऑनलाइन अर्ज करावा आणि बेकायदा मजकूर यंत्रणेच्या नजरेस आणून द्यावा, जनजागृती करावी वा तज्ज्ञ म्हणून साह्य करावे, अशी ती कल्पना. जागरूक समाज हा सुरक्षिततेचा पाया असतो, ही भूमिका राष्ट्रीय विचारांच्या माणसाला पटणारीच आहे आणि अनेक कार्यकर्त्यांनी उत्साहाने नावे नोंदवावीत यात नवल नाही. मात्र या योजनेत मजकूर दाखवून देणाऱ्या पहिल्या वर्गासाठी पूर्वपडताळणीची अट ठेवलेली नव्हती आणि स्वयंसेवकाने मंत्रालयाच्या नावाचा वापर करू नये हे बंधन मात्र होते. या दोन्ही गोष्टींचा अर्थ कार्यकर्त्याने नीट समजून घ्यायला हवा. दाखवून देणे म्हणजे तपास नव्हे. निवाडा तर नव्हेच नव्हे. एखाद्याचे नाव, छायाचित्र, पत्ता गटागटांत फिरवून ‘हाच तो’ असे जाहीर करणाऱ्याने स्वयंसेवकाची पायरी केव्हाच सोडलेली असते.

‘हाच तो’ या दोन शब्दांनी महाराष्ट्रात काय केले आहे, याचा विसर पडता कामा नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश कित्येक दिवस भ्रमणध्वनींवर फिरत होते. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार भिक्षा मागत फिरणारी, नवनाथांची परंपरा सांगणारी ती माणसे ओळखीचे पुरावे दाखवत होती, पण ते पाहण्याची कोणाची तयारी नव्हती. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांचा बळी गेला, तोही चोरांच्या अफवांनी पेटलेल्या वातावरणात. त्या हत्येने अवघा हिंदू समाज हळहळला, संतापला. तो संताप रास्तच होता. परंतु राईनपाडा आणि गडचिंचले या दोन्ही ठिकाणी जमावातल्या प्रत्येकाला आपण शोध लावला आहे असेच वाटत होते, हेही ध्यानात घ्यावे लागेल. याला अडाणीपणा म्हणून हात झटकायचे तर अमेरिकेकडे पाहावे. २०१३ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बाँबस्फोट झाले, तेव्हा आंतरजालावरच्या हजारो हौशी शोधकांनी छायाचित्रे ताडून एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवले. तो भारतीय वंशाचा होता आणि सर्वस्वी निर्दोष होता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह नदीत सापडला. मुलगा हरवल्याच्या दुःखात असलेल्या त्या घराला मधल्या काळात किती शिव्याशाप ऐकावे लागले, याची कल्पनाच केलेली बरी. ते शोधक सुशिक्षित होते. त्यांच्यापाशी साधने होती, वेळ होता, आवेशही होता. पात्रता नव्हती.

पात्रता हा शब्द भारतीय परंपरेला परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची ख्याती हेरांच्या नाना प्रकारांबद्दल आहे. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस ही नावे अनेकांना ठाऊक असतात आणि त्यांचा उल्लेख मोठ्या अभिमानाने होतो. त्याच प्रकरणातला दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. हेरांची निवड पारखून करायची, वेगवेगळ्या ठिकाणच्या हेरांना एकमेकांची ओळख असू द्यायची नाही, तिघांकडून स्वतंत्रपणे आलेली वार्ता जुळली तरच ती खरी मानायची, आणि ज्याच्या वार्ता वारंवार खोट्या ठरतात त्याला गुपचूप दंड करून कामावरून दूर करायचे, अशी ती व्यवस्था आहे. हेरावर हेर नेमणाऱ्या त्या आचार्याला मानवी स्वभावाविषयी फारसा भ्रम नव्हता. बहिर्जी नाईकांचे नाव घेताना ऊर भरून येतो, पण त्यांचे नैपुण्य महाराजांच्या शिस्तीखाली आणि स्वराज्याच्या कार्यासाठी वापरले गेले, याची आठवण ठेवावी. जो पैसे देईल त्याच्यासाठी कोणाच्याही घरात डोकावणे आणि बहिर्जींचा वारसा सांगणे या दोन गोष्टी एका श्वासात करता येत नाहीत. तसे करणारी संकेतस्थळे आहेत, म्हणून हे लिहिणे भाग पडते.

परदेशांतील अनुभव संमिश्र आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात खासगी अन्वेषकाचा परवाना हवा असेल तर तीन वर्षांचा, म्हणजे ६,००० तासांचा प्रत्यक्ष व सवेतन अन्वेषणाचा अनुभव दाखवावा लागतो. विधी वा पोलीस शास्त्राची पदवी असेल तर त्यात सवलत मिळते. बोटांचे ठसे राज्याच्या आणि संघराज्याच्या यंत्रणांकडून तपासले जातात, लेखी परीक्षा होते आणि मगच परवाना हाती येतो. अर्ज संगणकावरून करता येतो, अनुभव मात्र कोणाच्या तरी हाताखाली उन्हापावसात मिळवावा लागतो. ब्रिटनची कथा अगदी उलट. तेथे २००१ च्या कायद्यात खासगी अन्वेषकांना परवान्याची तरतूद झाली, पण पहारेकऱ्यांना परवाने देणारे प्राधिकरण उभे राहिले तरी अन्वेषकांचे कलम कागदावरच राहिले. २००७ साली राजघराण्याशी संबंधित व्यक्तींचे दूरध्वनी संदेश चोरून ऐकल्याबद्दल एका पत्रकारासह एक खासगी गुप्तहेर तुरुंगात गेला. २०११ मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे १६८ वर्षांचे वृत्तपत्र त्याच पापात बुडाले. २०१३ साली तेथील गृहमंत्र्यांनी परवाना सक्तीचा करण्याची घोषणा केली. ती अंमलात आलेली नाही. ज्या देशाने शेरलॉक होम्स जगाला दिला, त्या देशात त्याच्या वारसदाराला आजही कोणी पात्रता विचारत नाही.

भारताने ब्रिटनचे अनुकरण करण्यात या बाबतीतही कसूर केली नाही. २००७ साली संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचे विधेयक राज्यसभेत मांडले. केंद्रात आणि राज्यांत नियामक मंडळे असावीत, परवान्यावाचून कोणी हा व्यवसाय करू नये, असे त्याचे स्वरूप होते. ते गृह खात्याच्या स्थायी समितीकडे गेले, समितीने २००९ मध्ये अहवाल दिला आणि त्यानंतर ते तसेच पडून राहिले. राज्यसभेत मांडलेले विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी बाद होत नाही, म्हणून त्याने तीन सार्वत्रिक निवडणुका पाहिल्या. अखेर २०२० मध्ये ते मागे घेण्यात आले. पुरोगामी सरकारने मांडून विसरावे, यात आश्चर्य नव्हते. पण राष्ट्रीय विचारांच्या सरकारने ते मागे घेताना त्याच्या जागी काय येणार हे सांगायला हवे होते. इंग्रजांचे फौजदारी कायदे मोडीत काढून तीन नव्या संहिता आणण्याचे धाडस ज्यांनी दाखवले, त्यांना एका व्यवसायाच्या पात्रतेचे नियम करणे अशक्य होते असे कोणी म्हणणार नाही. मूळ विधेयक सदोष असेल, नियामक मंडळांचा पसारा मोठा असेल, परवाना राज आणखी एका खिडकीतून आत येईल ही भीतीही खोटी नसेल. तरी मोटारीचा अपघात झाल्यावर तिच्या नुकसानीचा अंदाज करणाऱ्या सर्वेक्षकाला विमा नियामकाचा परवाना, प्रशिक्षणकाळ आणि परीक्षा ही बंधने आहेत आणि ती कोणाला जाचक वाटत नाहीत. मोटारीच्या पत्र्याला पडलेला पोचा मोजणाऱ्याला जे लागू, ते मुलीच्या चारित्र्यावर शेरा लिहिणाऱ्याला का असू नये?

असा नियम करायचा झाला तर तो फार मोठा असण्याची गरज नाही. अर्ज ऑनलाइन घ्यावा, पण पोलीस पडताळणी पूर्ण झाल्यावाचून परवाना देऊ नये. नोंदणीकृत वकील वा परवानाधारक अन्वेषकाच्या हाताखाली ठरावीक काळ काम केल्याची नोंद असावी. साक्ष्य अधिनियम, माहिती तंत्रज्ञान अधिनियम आणि विदा संरक्षण या तीन विषयांची परीक्षा मराठीतूनही देता यावी, म्हणजे तालुक्याच्या गावचा निवृत्त हवालदार वा सुभेदार इंग्रजीपायी मागे राहणार नाही. या कामाला लागणारी चिकाटी आणि माणसांची पारख त्याच्यापाशीच अधिक असते. प्रत्येक कामाचा लेखी करार असावा आणि त्यात काय शोधायचे याबरोबरच काय शोधायचे नाही हेही लिहिलेले असावे. अहवालातील प्रत्येक विधानाचा आधार नोंदवावा, काम संपल्यावर गोळा केलेली माहिती केव्हा नष्ट करणार तेही सांगावे. आणि ज्याची चौकशी झाली त्याच्याविषयी खोटे लिहिले गेले, तर त्याला दाद मागण्यासाठी एक जागा असावी. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. ज्याने पैसे दिले तो ग्राहक म्हणून ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. ज्याच्यावर डाग लागला, त्याला आज अब्रूनुकसानीचा दीर्घ आणि खर्चिक दावा लावण्यावाचून मार्ग नाही, आणि तोही अहवाल त्याच्या दृष्टीस पडला तर.

हे दिल्लीनेच केले पाहिजे असे मुळीच नाही. पहारेकऱ्यांसाठीचा केंद्रीय कायदा २००५ चा, पण महाराष्ट्राने खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यासाठीचा आपला कायदा त्याआधी चोवीस वर्षे, १९८१ सालीच केला होता. माथाडी कामगारांचा १९६९ चा कायदाही देशात प्रथम येथेच झाला. केंद्राचे विधेयक मागे घेतले गेल्यामुळे आज या विषयात राज्याची वाट अडवणारा कोणताही केंद्रीय कायदा उभा नाही. विधिमंडळात शुक्रवारी अशासकीय विधेयकांसाठी वेळ राखलेला असतो आणि ते मांडण्यासाठी आमदाराने मंत्री असण्याची आवश्यकता नसते.